चौऱ्याहत्तरचं स्थळ

नाशिकची माणसं कोल्हापूरला जातात ती देवीच्या दर्शनाला, नाहीतर चपला घ्यायला. आम्ही गेलो ते बंपरासाठी. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत? रंकाळा पाहिला का? नाही पाहिला. पन्हाळा पाहिला, पण लांबून, एका गोठ्याच्या दारात उभं राहून. लोक मग अशा नजरेनं बघतात की आमचं जाणंच फुकट गेलं. म्हणून जे खरोखर पाहिलं ते एकदाचं लिहून टाकते, म्हणजे ज्याला विचारायचं त्यानं हे वाचावं आणि मला सोडावं.

निघण्याआधी

आमच्याकडे एक जुनी इंग्रजी स्पोर्ट्‌स कार आहे. लाल, उघड्या टपाची, दोनच माणसं बसतील अशी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझा नवरा सुहास म्हणतो की ज्यांना कळायचं त्यांना कळतं आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. ही गाडी मुळात माझ्या वडिलांची. बाबा नाशिकला दातांचे डॉक्टर होते. कुठल्याशा प्रकल्पावर आलेल्या एका गोऱ्या इंजिनिअरच्या दाढा त्यांनी काढल्या आणि मायदेशी परतताना तो आपली गाडी बाबांना देऊन गेला. दाढा काढल्यावर एवढा खूश झालेला पेशंट मी दुसरा ऐकलेला नाही.

गाडी शहात्तर सालची. आता तुम्ही म्हणाल, जुनी ती जुनी, चौऱ्याहत्तर काय नि शहात्तर काय. मीसुद्धा लग्न झाल्यापासून हेच म्हणत आले. पण या गाड्यांच्या शौकिनांसमोर असं म्हणून बघा, ते तुम्हाला खुर्चीवर बसवून चहा थंड होईपर्यंत समजावतील. चौऱ्याहत्तरपर्यंत या गाडीला पुढेमागे चकचकीत क्रोमचे बंपर होते. मग अमेरिकेत टकरींबद्दल नवे कायदे आले, कंपनीनं क्रोम काढून काळ्या रबराचे जाडजूड बंपर बसवले, आणि दिवे नियमात बसावेत म्हणून अख्खी गाडी दीड इंच वर उचलली. झालं, संपला विषय. गाडी जड झाली, वळणावर कलायला लागली, आणि मुख्य म्हणजे फोटोत तिचं तोंड काळं दिसायला लागलं. तेव्हापासून जगभरच्या शौकिनांनी चौऱ्याहत्तरच्या पुढे रेघ मारून ठेवली आहे. रेघेच्या अलीकडची ती गाडी, पलीकडची ती तडजोड.

सुहासच्या क्लबाचा दरवर्षी मेळावा असतो. त्यात क्रोमवाले पुढच्या रांगेत उभे राहतात आणि रबरवाले मागे, जिथे स्वच्छतागृहाचा बाण असतो तिथे. आमची गाडी क्लबात ‘काळतोंडी’ म्हणून ओळखली जाते. सुहास हसण्यावारी नेतो, पण घरी आल्यावर जेवत नाही.

मला मात्र त्या रबराचं भारी प्रेम. कॉलेजात असताना बाबांनी मला याच गाडीवर शिकवलं आणि तिसऱ्याच दिवशी मी ती फाटकाच्या खांबावर घातली. खांबाचा गिलावा खाली आला. बंपर आत दबला, आणि दमानं फुगून परत जागेवर बसला. मी रडायच्या बेतात. बाबांनी उतरून खांब पाहिला, बंपर पाहिला आणि म्हणाले, “हिला काही झालेलं नाही. चल, रिव्हर्स घे.” तेव्हा घेतलेला रिव्हर्स मला अजून आठवतो.

तर अशात क्लबातल्या कुणीतरी सुहासला सांगितलं की पन्हाळा तालुक्यात कोडोलीला बाबूराव म्हणून एक बागायतदार आहेत, त्यांच्याकडे चौऱ्याहत्तरचं पडून आहे. क्लबातली माणसं गाडीला गाडी म्हणत नाहीत, नुसतं साल म्हणतात. “त्याच्याकडे बहात्तरचं आहे.” “तो एकाहत्तरचं शोधतोय.” गाडी हा शब्द उच्चारला की समोरच्याला आपण नवखे वाटतो, असा त्यांचा समज आहे. पुढचा सगळा घोटाळा या एका सवयीमुळे झाला.

सुहासनं फोन लावला. स्पीकर चालू होता आणि मी बाजूला मटार सोलत होते.

“नमस्कार, नाशिकहून बोलतोय. तुमच्याकडे चौऱ्याहत्तरचं आहे असं कळलं.”

“व्हय की,” पलीकडून खणखणीत आवाज आला. “चौऱ्याहत्तरचंच हाय. तुमचा फोन कवा येतोय म्हणून वाटच बघालतो.”

“बॉडी कशी आहे?”

“बॉडी एकदा येऊन बघा की. सगळं घरच्या तुपावरचं हाय.”

सुहासनं माझ्याकडे बघून हलक्या आवाजात सांगितलं की तिकडे ग्रीसला तूप म्हणत असावेत. मग म्हणाला, “आमच्याकडे शहात्तरची आहे.”

पलीकडचा आवाज जरा खाली आला. “शहात्तर? जरा जड न्हाय का?”

“आहे जड,” सुहास ओशाळून म्हणाला. “आधीच्या हलक्या असायच्या. पण चालायला एकदम छान. फक्त थंडीत सकाळी लवकर उठत नाही.”

“ते आमच्याकडं बी तसंच हाय. या मग पावणं. समक्षच बघू.”

फोन ठेवल्यावर सुहासचा चेहरा असा उजळला की मला भीती वाटली. त्याचा बेत ठरला होता. त्या बाबूरावांना म्हणे चालती गाडी हवी असते, त्यांची बरीच वर्षं जागची हललेली नाही. आपण आपली शहात्तरची चालवत न्यायची, तिथे ठेवायची आणि त्यांची चौऱ्याहत्तरची घेऊन यायची. गाडीला गाडी. दोन ठेवायला आमच्याकडे जागा नाही, हे तर मलाही दिसत होतं.

मी मटार सोलत राहिले. लग्न झाल्यापासून मी त्या गाडीला पत्र्याची सवत म्हणत आलेय, तेव्हा आता एकदम कुठल्या तोंडानं सांगणार की देऊ नकोस? पण बाबांची गाडी आपण स्वतः चालवत नेऊन कुणाच्या तरी दारात सोडून यायची, हे मला काही केल्या गिळता येत नव्हतं.

पेठ वडगाव

पुण्यापर्यंतचा आणि साताऱ्यापर्यंतचा रस्ता सगळ्यांनी पाहिलेला आहे, तो सोडून देते. एवढंच सांगते की उघड्या टपाच्या गाडीतून महामार्गावर गेलं की केसांचं जे होतं ते हेअर ड्रायरनं दहा जन्मांत होणार नाही.

पेठ वडगाव जवळ आलं तशी गाडी तापली. उसाचे दिवस. आमच्या पुढे एक ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांत आभाळाला भिडलेला ऊस, आणि ड्रायव्हरजवळच्या भोंग्यावर गाणं. ओव्हरटेक करायला जागा नाही आणि मागे राहिलं की उसाची पानं मांडीवर. काटा लाल रेषेला टेकला तेव्हा सुहासनं गाडी बाजूला घेतली ती नेमकी एका गुऱ्हाळाच्या तोंडाशी. गुऱ्हाळ म्हणजे जिथे रस उकळून गूळ करतात ती जागा, हे नाशकातल्या मुलांसाठी सांगते. समोर मोठ्या कढईत रस उकळत होता आणि इकडे आमचा रेडिएटर. वास मात्र तिकडचा चांगला होता.

गुऱ्हाळवाला उघड्या अंगानं बाहेर आला. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न: “कितीचं मॉडेल?”

“शहात्तर.”

“अरारा,” तो मनापासून हळहळला. “दोन वर्सं आधीचं घ्यायचं की ओ.”

सुहासनं माझ्याकडे असं बघितलं की बघ, कढईजवळचा माणूससुद्धा सांगतोय. मी विचारलं, “का हो? दोन वर्षं आधीचं का?”

“तसं न्हाय,” तो म्हणाला, “कुठलं बी मॉडेल सांगितलं की दोन वर्सं आधीचं चांगलं असतंय. नवीन मालात दम न्हाय.” त्यानं पाण्याची बादली दिली आणि आम्हा दोघांच्या हातावर गरम गुळाचा एकेक गोळा ठेवला. मी त्या दिवशी जे खाल्लं त्याला गूळ म्हणायचं असेल, तर आजवर घरी आणत होते त्याचं नाव बदलावं लागेल.

राजारामपुरी

मुक्काम राजारामपुरीतल्या एका लॉजवर. आडव्या-उभ्या सरळ गल्ल्या, त्यात दुकानं, दवाखाने आणि क्लासेस. गाडी लावली आणि समोरच्या क्लासमधली मुलं-मुली खाली आली. एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, “तू हो बाजूला, आधी मी फोटो काढतो.” मला वाटलं मागे कुणी मुलगा आहे. नंतर कळलं की इथल्या मुली अशाच बोलतात, मी येतो, मी जातो, मी खातो. मी दोन दिवस ऐकलं आणि मला ते आवडायला लागलं. बोलणाऱ्या बाईला कुणी अडवेल असं त्यात वाटत नाही.

सकाळी मिसळ. आम्ही नाशिकचे, आम्हाला मिसळीबद्दल कुणी शिकवू नये, या तोऱ्यात गेलो. आमच्याकडे मिसळीबरोबर पापड येतो, दही येतं, बसायला बाग असते, झोपाळा असतो. इथे समोर वाडगं आदळलं, पावाचे जाड स्लाइस आले आणि मालक रश्श्याकडे बोट दाखवत म्हणाला, “कट पायजे तेवढा मागा.” सुहासनं दही मागितलं. मालकानं त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं, पण आणून दिलं. मी इरेला पेटून दही न घेता खाल्लं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, आणि बऱ्याच वर्षांनी सायनस मोकळा झाला. तुलना करायचं मी सोडून दिलं.

बाहेर एक रिक्षावाला गाडीभोवती फिरत होता. कितीचं मॉडेल वगैरे झालं. मग तो बंपरावर अंगठा दाबून म्हणाला, “काकी, ह्ये रबर हाय ते बेस हाय. आमच्या गल्लीत ठेवा, कुणी बी घासून गेलं तरी टेन्शन न्हाय.” कोल्हापुरात मला भेटलेला तो पहिला शहाणा माणूस. सुहास म्हणाला की व्यावसायिक वाहनवाल्यांचा दृष्टिकोन वेगळा असतो.

कोडोली

परत महामार्गानं वाठारपर्यंत येऊन वारणेच्या बाजूला वळायचं. दोन्हीकडे ऊस, मध्येच तोडलेली रानं, आणि पुढे जोतिबाचा डोंगर. सुहास शीळ घालत होता. मी डॅशबोर्डवर हात ठेवून बसले होते. ऊन चढायला लागलं होतं, म्हणून बाबूरावांच्या घरासमोर चिंचेखाली त्यानं गाडी उभी केली आणि तिच्यावर आच्छादन टाकलं. नव्या मालकाला पहिल्या नजरेतच काळं तोंड दिसू नये, हा त्यामागचा हेतू होता.

घर मोठं, सारवलेलं अंगण, पुढे सोपा, म्हणजे आमच्याकडची ओसरी. सोप्यात सतरंजी, तिच्यावर पंधराएक माणसं, सगळी आंघोळ करून बसलेली. बाबूराव पांढऱ्या शुभ्र टोपीत. त्यांच्या पत्नी सुमनताई दारात. आणि मधोमध एका खुर्चीवर कडक इस्त्रीच्या शर्टात एक पैलवान. मान नाहीच, कान मुडपलेले, नजर पायाच्या अंगठ्यावर. पाठोपाठ पोह्यांच्या बशा आल्या.

मला त्या खुर्चीकडे बघताक्षणी कळलं. अशी खुर्ची मी ओळखते, एकदा मी स्वतः बसलेय. हा मुलगा दाखवायचा कार्यक्रम होता आणि आम्ही मुलीकडचे होतो. पण मी गप्प बसून पोहे खाल्ले. जितका वेळ हा गोंधळ चालणार होता, तितका वेळ गाडी माझी होती.

सुहासला काहीही कळलं नव्हतं. तो मान उंचावून दारं-खिडक्यांतून गाडी शोधत होता.

“मग,” बाबूराव म्हणाले, “ह्यो बघा आमचा रणजित. लपवाछपवी न्हाय. तुमची कुठं हाय? संगट आणलायसा न्हवं?”

“आणलीय ना,” सुहास म्हणाला. “बाहेर उभी केलीय.”

“भायेर?”

“चिंचेखाली. वरून कापड टाकलंय पूर्ण, ऊन लागायला नको.”

सोप्यात कुणी घास चावेना. सुमनताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “आगं बया. लेकराला उन्हात उभं करून तुमी हितं पोहं खातायसा? थांबा, मी आणतो तिला आत.” आणि त्या तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन निघाल्या. नवं माणूस घरात येताना त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची तिकडे पद्धत आहे. त्यांच्यामागे सगळ्या बायका, त्यांच्यामागे आम्ही.

चिंचेखाली आल्यावर सुहासनं मोठ्या अदबीनं आच्छादन ओढलं. “ही शहात्तरची,” तो म्हणाला.

बायका बघत राहिल्या. बाबूराव टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, “ही? आन पोरगी?”

“कुठली पोरगी?”

मग सगळा उलगडा झाला. आमचा फोन गेला त्याच आठवड्यात लग्नाच्या मध्यस्थानं बाबूरावांना सांगून ठेवलं होतं की नाशिकहून एका मुलीच्या घरचा फोन येईल. फोन आला, नाशिकचाच आला, आणि पहिलं वाक्य चौऱ्याहत्तरचं. रणजित चौऱ्याहत्तर किलो गटात कुस्ती खेळतो. त्या घरात त्याला नावानं कमी आणि वजनानंच जास्त ओळखतात. पैलवान माणसं किलोत बोलतात आणि आमची क्लबातली सालात, आणि दोघांनाही वाटतं की अख्खी दुनिया असंच बोलते. शहात्तर किलोची सून चालेल का, यावर म्हणे त्या घरात चार दिवस चर्चा झाली होती, आणि शेवटी रणजितच म्हणाला होता की असू दे, खातेपिते तरी.

माणसं हसून हसून चिंचेच्या बुंध्याला टेकली. सुहास तेवढा लाल झाला होता, गाडीपेक्षा जरा जास्तच. सुमनताईंच्या हातात तांब्या आणि भाकरीचा तुकडा तसाच. त्या म्हणाल्या, “काढल्याला भाकरतुकडा परत न्हेत न्हाईत.” आणि त्यांनी तो रीतसर बॉनेटवरून ओवाळला, लांब टाकला, चाकांवर पाणी घातलं आणि काळ्या बंपराला हळदीकुंकू लावलं.

“ओवाळली म्हंजे आमची झाली,” बाबूराव हसत म्हणाले. मला मात्र ते ऐकून हसू आलं नाही.

गोठा

“मग तुमाला ती जुनी गाडी बघायची हुती व्हय? तसं सांगायचं की,” बाबूराव म्हणाले आणि आम्हाला मागे घेऊन गेले. गोठ्यात तीन म्हशी, त्यांच्या पलीकडे कडब्याची गंजी, आणि गंजीला टेकून पोत्यांखाली ती. बाबूरावांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली. सीटवर कोंबडीनं घर केलं होतं. सुहासनं पोतं बाजूला केलं, खिशातून रुमाल काढला, थुंकी लावली आणि पुढचा बंपर पुसला. शेणाच्या पोपड्याखालून क्रोम निघालं. त्यात त्याचा चेहरा दिसायला लागला, रुंद आणि वाकडा. तो गुडघ्यावर बसून इकडे बघतो, खाली वाकून तिकडे बघतो, कुठल्या तरी पट्टीवरचा आकडा वाचतो.

“चौऱ्याहत्तरच,” तो मला म्हणाला. “शुभदा, खरंच चौऱ्याहत्तरची आहे.”

खरं सांगते, मला त्या क्षणी त्याचा राग येईना. इतक्या वर्षांत मी त्याला असा बघितला नव्हता. एवढा खूश झालेला माणूस आपलाच आहे म्हटल्यावर त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

रणजितही आला होता. सुहासनं त्याला दोन्ही गाड्यांतला फरक सांगितला, दीड इंच, वाढलेलं वजन, मेळाव्यातली मागची रांग, सगळं.

“एवढ्यासाठी मागं हुबं करत्यात?” रणजितनं विचारलं.

“करतात ना.”

“आमच्यात बी तसंच हाय,” तो म्हणाला. “चौऱ्याहत्तरात बसायचं म्हणून मी सणाला सुदीक अर्धी भाकरी खातो. वजन करायच्या आदल्या दिशी पाणी पीत न्हाय. माझं अंग आता वरच्या गटाचं हाय ओ. पण आबांना चौऱ्याहत्तर म्हणायची सवय लागल्या.”

आबांनी, म्हणजे बाबूरावांनी, ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सुहासच्या पाठीवर थाप मारली. “न्या की पावणं. आमची हालत न्हाय, तुमची चालत्या. पोरांला फिरायला हुईल. गाडीला गाडी, झालं.”

इतकं सोपं होतं ते. मी दारात उभी राहून पन्हाळ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि या वेळी मिसळीचा काही संबंध नव्हता.

बोलणी

परत सोप्यात आलो. एवढी माणसं जमली आहेत, पोहे झाले आहेत, तर बोलणी रीतसर करू, अशी बाबूरावांना हुक्की आली. “हां,” ते मांडी ठोकून म्हणाले, “मुलाकडनं मी. पोरीकडनं कोण बोलणार?”

सुहासनं तोंड उघडलं. त्याच्या आधी माझ्या तोंडून निघालं, “मी.”

सगळे हसले. त्यांना वाटलं वहिनी गमतीत आल्या. मीही आधी गमतीतच सुरुवात केली.

“मुलगी माझ्या वडिलांची आहे, तेव्हा मुलीकडची मीच,” मी म्हटलं. “तुमचं घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, गोठा भरलेला आहे. पण पत्रिका जुळत नाही. आणि जिथे पहिल्याच फोनला मुलीचं वजन काढलं, तिथे आम्हाला मुलगी द्यायची नाही.”

सोपा हसून दणाणला. सुहासही हसला आणि म्हणाला, “बरं, गंमत पुरे. किल्ली दे.” किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

“मी गंमत करत नाहीये,” मी म्हटलं, आणि माझा आवाज असा आला की सुहासनं पुढे केलेला हात मागे घेतला. “या गाडीला क्रोम असतं ना, तर त्या दिवशी फाटकापाशी तिला पोचा आला असता. रोज तो पोचा बघून मी पुन्हा गाडीला हात लावला नसता. बाबा म्हणाले हिला काही झालेलं नाही, कारण खरंच काही झालं नव्हतं. रबर होतं म्हणून. मला हीच हवी. काळ्या तोंडाची, जड, जशी आहे तशी. मी देणार नाही.”

एवढ्या परक्या लोकांत मी माझ्या नवऱ्याला इतकं सरळ कधी बोलले नव्हते. सुहास माझ्याकडे बघत राहिला. “तू तर तिला सवत म्हणायचीस.”

“म्हणायचे. म्हणून काय दुसऱ्याच्या घरी पाठवायची?”

बाबूरावांनी टोपी सारखी केली. सुहासनं थोडा वेळ सतरंजीवरच्या रेघांवर बोट फिरवलं. मग मान वर करून त्यांना विचारलं, “अहो, मग या बोलण्यांत मी नक्की कुणाकडचा?”

“तुमी डायवर,” सुमनताई दारातून म्हणाल्या. यावर तो हसला. जरा उशिरा हसला, पण हसला.

जेवायच्या आधी तो एकटाच गोठ्यात जाऊन आला. मी खिडकीतून बघत होते. त्यानं त्या बंपरावरून एकदा हात फिरवला आणि बाजूला केलेली पोती परत नीट अंथरली, कोंबडीची जागा तेवढी सोडून.

पंगत बसली. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात म्हणजे नको म्हटलं की थांबतात. इथे नको म्हटलं की वाटी भरतात आणि मग विचारतात, का नको? रणजित भिंतीला टेकून उकडलेल्या अंड्यातलं पांढरं खात होता. खाता खाता थांबला.

“आबा,” तो म्हणाला, “मला बी ताट वाढा.”

“आन चौऱ्याहत्तर?”

“ऱ्हाऊ दे आता. जड तर जड.”

बाबूरावांनी त्याच्याकडे बघितलं, मग बाहेर चिंचेखालच्या लाल गाडीकडे बघितलं. “वाढ गं त्येला,” ते सुमनताईंना म्हणाले, “पांढरा आधी वाढ.” त्यानं किती भाकऱ्या खाल्ल्या हे मी मोजलं नाही, नजर लागली असती.

निघताना सुमनताईंनी माझी ओटी भरली. मग दुसरा नारळ आणि खण घेऊन त्या गाडीपाशी गेल्या आणि दोन सीटच्या मध्ये ठेवले. “ही बी माहेरलाच चालल्या न्हवं,” त्या म्हणाल्या. “मोकळी कशी पाठवू?” गाडी मी चालवत आणली. वळण आलं की सुहास एवढंच म्हणायचा, “कलतेय हं, जपून.”

नाशिक

परवा क्लबाचा मेळावा झाला. क्रोमवाले पुढे, आम्ही मागे, बाणाजवळ. सुहास फडकं घेऊन गाडी पुसत होता. सगळी पुसली, बंपरसुद्धा, फक्त त्यावरचं कोडोलीचं हळदीकुंकू तेवढं सोडून त्याच्या भोवतीनं फडकं फिरवत होता. पुढच्या रांगेतले एक बहात्तरवाले गृहस्थ मुद्दाम चालत आमच्यापर्यंत आले.

“काय सुहासराव,” ते म्हणाले, “कोल्हापूरला चौऱ्याहत्तरचं बघायला गेला होतात ना? जमलं नाही वाटतं?”

सुहासनं मान वर केली नाही, फडकंही थांबवलं नाही.

“स्थळ चांगलं होतं,” तो म्हणाला. “आम्हीच नाही म्हणून कळवलं.”